गॅस्ट्रिक बायपास : 'वाय' की 'मिनी'? ताईचं ऑपरेशन ठरवायचंय, जाणकारांनी प्रकाश टाकावा

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचक होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

माझी थोरली बहीण, वय ४४, उंची १५५ सेंमी, वजन १२८ किलो. बीएमआय ५३ येतो. नऊ वर्षं शुगर आहे, आता दोन वेळचं इन्सुलिन. रात्री घोरता घोरता श्वास अडकतो, मग दाजी उठून तिला हलवतात. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी छाटणीला ताई सगळ्यांच्या पुढं असायची. आता बांधावर खुर्ची टाकून बसते आणि चार ओळी चालायच्या म्हटलं तरी गुडघे धरते. डाएट, चालणं, काढे सगळं करून झालं. दर वेळी दहा-बारा किलो उतरलं आणि वर्षभरात परत आलं. तिने प्रयत्न केले नाहीत असं कृपया कुणी म्हणू नका, मी डोळ्यांनी बघितलंय.

दोन सर्जनना दाखवलं. मिरजेतले डॉक्टर म्हणाले, रू-एन-वाय बायपास करू. सांगलीतले म्हणाले, मिनी बायपास करू, जोड एकच असतो, वेळ कमी लागतो, शुगरलाही चांगलं. दोघांनी भरपूर वेळ दिला, दोघं अनुभवी वाटले. त्यात एका पाहुण्यांनी तिसरंच काढलं, स्लीव्ह करा म्हणे, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळी ठेवायची. आई म्हणते धडधाकट आतडं कशाला कापायचं. रोज रात्री जेवताना हाच विषय.

या दोन बायपासमध्ये नेमका फरक काय, आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं कुणी नीट समजावून सांगेल का?

हरिपूर_संगम

मी सर्जन आहे, मिरजेत शिकलो, आता बॅरिअॅट्रिक, म्हणजे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांच्या टीममध्ये काम करतो. ताईंना तपासलेलं नाही, त्यामुळे अमुकच करा असं सांगणार नाही. फरक मात्र सविस्तर सांगतो.

कराडचा प्रीतिसंगम डोळ्यांसमोर आणा. एकीकडून कृष्णा येते, समोरून कोयना, दोघी भेटतात आणि पुढे एकच पात्र वाहतं. रू-एन-वाय तसंच आहे. जठराच्या वरच्या टोकाला १५ ते ३० मिलीची छोटी पिशवी करतात, तिला पाऊच म्हणतात. उरलेलं जठर काढत नाहीत, ते बंद करून पोटातच ठेवतात. मग लहान आतडं सुरुवातीपासून साधारण ५० ते ७० सेंमीवर कापून खालचं टोक वर आणतात आणि पाऊचला जोडतात. ही अन्नाची नदी, लांबी १०० ते १५० सेंमी. पित्त आणि स्वादुपिंडाचे रस दुसऱ्या फाट्यातून येतात. खाली दुसरा जोड असतो, तिथे संगम. खरं पचन संगमाच्या पुढे सुरू होतं.

मिनी बायपासमध्ये, म्हणजे एक-जोड बायपासमध्ये, आतडं कापतच नाहीत. पाऊच लांब आणि अरुंद करतात, आणि १५० ते २०० सेंमीवरचा आतड्याचा वेढा तसाच उचलून त्याच्या कुशीला जोडतात. म्हणजे पित्ताचा प्रवाह पाऊचच्या दारावरूनच वाहतो आणि अन्न त्यात पडतं. जोड एक, वेळ कमी. बीएमआय ५० च्या वर असला की आतड्याचा पडदा चरबीने जाड झालेला असतो. 'वाय'साठी आतडं वर ओढताना जोडावर ताण येतो, मिनीत तो कमी येतो. तुमच्या सांगलीच्या डॉक्टरांच्या मनात हेच असणार. त्यांचा सल्ला चुकीचा नाही.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण हा वाद त्याशिवाय समजत नाही. लठ्ठपणासाठी पहिला गॅस्ट्रिक बायपास अमेरिकेत आयोवामध्ये एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये केला, आणि तो वेढ्याचाच होता. पाऊच आखूड आणि आडवा, त्यामुळे पित्त वर अन्ननलिकेपर्यंत चढायचं. त्यावर उपाय म्हणून १९७७ च्या सुमारास 'वाय' आला. स्वित्झर्लंडच्या सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जठराच्या इतर आजारांसाठी वापरलेली ही जुनी जोडणी. १९९४ मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी ती दुर्बिणीतून केल्याचं प्रसिद्ध केलं. आणि १९९७ मध्ये रॉबर्ट रटलेज यांनी वेढा परत आणला, पण पाऊच लांब ठेवून, म्हणजे जोड अन्ननलिकेपासून दूर राहील. तेव्हा मिनीबद्दल पहिला प्रश्न आजही पित्ताचाच आहे.

दोन्हींची समोरासमोर तुलना फ्रान्समध्ये झाली, 'योमेगा' नावाची चाचणी, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ ला आली. २५३ रुग्ण. दोन वर्षांनी वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं. पण शस्त्रक्रियेशी संबंधित गंभीर त्रासाच्या घटना मिनीत ४२ आणि 'वाय'मध्ये २४. मिनीतल्या ४२ पैकी ९ कुपोषणाच्या होत्या, 'वाय'मध्ये तशी एकही नव्हती. त्या चाचणीत मिनीत वगळलेलं आतडं २०० सेंमी होतं, हे लक्षात ठेवा. म्हणून आज बरेच सर्जन १५० च्या आसपास थांबतात. तुमच्या डॉक्टरांना 'मिनी करणार का' यापेक्षा 'किती सेंमीवर जोडणार' हे विचारा. आणि गॅस्ट्रोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, झाली का तेही विचारा. अन्ननलिका सुजलेली असेल किंवा हायाटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) असेल तर माझा कौल 'वाय'ला.

स्लीव्हबद्दल थोडक्यात : चांगली शस्त्रक्रिया आहे, पण ज्यांना आधीच आम्ल वर येतं त्यांना नाही. स्वित्झर्लंडच्या पाच वर्षांच्या चाचणीत असा त्रास आधीपासून असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर ३२ टक्के लोकांचा वाढला, बायपासनंतर ६ टक्क्यांचा.

वारणा_खोरे

वाचनखूण साठवली. प्रीतिसंगमाच्या उदाहरणाने पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

एक विचारू का? आता ती वजन उतरवायची आठवड्याची इंजेक्शनं आलीत, २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी दोन्ही भारतात आली. मग कापाकापी करायचीच कशाला?

हरिपूर_संगम

चांगली औषधं आहेत, मीही लिहून देतो. पण थांबवली की वजन बहुतेकांचं परत चढतं, म्हणजे खर्च वर्षानुवर्षांचा. ५३ बीएमआय, इन्सुलिन आणि झोपेत अडकणारा श्वास असताना शस्त्रक्रियेचं पारडं अजून जड आहे. ऑपरेशनआधी थोडं वजन उतरवायला इंजेक्शनचा उपयोग करतात, तो पर्याय ताईंच्या डॉक्टरांशी बोला.

यवतेश्वर

साताऱ्याहून लिहितोय. हा धागा वाचून दोन दिवस लिहू की नको चाललं होतं. पण येरळाकाठ, तुमच्या ताईसाठी लिहितो.

माझ्या बायकोचा रू-एन-वाय बायपास चार वर्षांपूर्वी झाला. ११६ वरून दीड वर्षात ७१ वर आली. शुगरच्या गोळ्या बंद झाल्या. अजिंक्यताऱ्यावर पहाटे चढून जायला लागली, आमच्या घरात इतका आनंद कित्येक वर्षांत नव्हता. ऑपरेशन केल्याचा पश्चात्ताप तिला एक दिवसही झाला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन वर्षं झाल्यावर जेवणानंतर पोटात कळ यायला लागली. बेंबीच्या वर, डावीकडे, पाठीपर्यंत. अर्ध्या तासात आपोआप थांबायची. जवळच्या दवाखान्यात अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं. पंधरा दिवसांनी परत. दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी केली, नॉर्मल. परत अॅसिडिटी. बायपास झालाय हे आम्ही दोन्हीकडे सांगितलं होतं, कुणी त्याचा संबंध जोडला नाही. आम्हीही नाही जोडला. तिसऱ्या वेळी रात्री अकराला कळ आली ती थांबेचना. बायको गुडघे छातीशी घेऊन वळवळत होती. अॅम्ब्युलन्सने पुण्याला निघालो, खंबाटकी घाटात तिचा हात बर्फासारखा गार पडला होता. ते बोगद्यातले दिवे मला अजून दिसतात.

पुण्यात सीटी स्कॅन केला आणि तिथल्या सर्जननी चित्रावर बोट ठेवून दाखवलं, रक्तवाहिन्यांना भोवऱ्यासारखा पीळ पडलेला. आतल्या फटीत आतडं घुसलं होतं. पहाटे दोनला ऑपरेशन. नंतर सांगितलं की आतडं काळपट पडलं होतं, सोडवून, गरम सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडाने झाकून वाट बघितली, रंग परत आला म्हणून कापावं लागलं नाही. अजून चार तास गेले असते तर गोष्ट वेगळी होती.

पहिल्या ऑपरेशनची नोट मागवली. त्यात या फटी शिवल्या की नाही याबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही ऑपरेशनआधी खोली, बिल, सुट्टी सगळं विचारलं होतं. हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

हरिपूर_संगम

यवतेश्वर, वहिनी बऱ्या आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. तुम्ही लिहिलंत ते माझ्या मते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून त्यावर जरा विस्ताराने.

आतडं पोटाच्या मागच्या भिंतीला एका पडद्याने टांगलेलं असतं. 'वाय'मध्ये आतडं कापून वर नेलं की पडद्यात फटी तयार होतात. एक खालच्या जोडापाशी, दुसरी वर नेलेल्या आतड्याच्या मागे. या दुसरीला पीटरसनची फट म्हणतात. आतडं मोठ्या आतड्याच्या पुढून न नेता मागून, पडद्याला भोक पाडून नेलं तर तिसरी. म्हणून आता बहुतेक जण पुढूनच नेतात. ऑपरेशनच्या दिवशी पडद्यात चरबी ठासून भरलेली असते, फटी अरुंद दिसतात. वजन उतरलं की चरबी झडते आणि फटी उघडतात. म्हणून हा त्रास बहुधा वजन भरपूर उतरल्यावर, वर्ष-दोन वर्षांनी येतो, जेव्हा सगळं छान चाललंय असं वाटत असतं. गरोदरपणातही गर्भाशय आतडं वर ढकलतं तेव्हा धोका असतो.

फटी शिवाव्यात का, यावर स्वीडनमध्ये १२ केंद्रांवर २,५०७ रुग्णांची चाचणी झाली, २०१६ च्या लॅन्सेटमध्ये आहे. तीन वर्षांत आतडं अडकून परत ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण न शिवलेल्यांत १०.२ टक्के, शिवलेल्यांत ५.५. जवळजवळ निम्मं. पण शिवण्याचीही किंमत आहे. पहिल्या ३० दिवसांतल्या गंभीर गुंतागुंती शिवलेल्यांत ४.३ टक्के, न शिवलेल्यांत २.८, मुख्यतः खालच्या जोडापाशी आतडं मुडपल्यामुळे. न शिवणाऱ्या सर्जनकडेही कारण असतं ते हे. मी स्वतः दोन्ही फटी शिवतो, न विरघळणाऱ्या धाग्याने, आणि नोटमध्ये लिहितो.

मिनीत खालचा जोडच नाही, म्हणून तिथली फट नाही. पीटरसनची मात्र असते, चांगली रुंद. रुंद फटीत आतडं आत-बाहेर होतं, अडकतं कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे.

बायपास झालेल्या माणसाला जेवणानंतर कळ येऊन जात असेल तर ती अॅसिडिटी धरायची नाही. सोनोग्राफीत हे बहुधा दिसत नाही, सीटी लागतो. आणि कळ चालू असेल तर सीटी नॉर्मल आला तरी दुर्बीण घालून बघावं लागतं. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ असू द्या.

हळद_पेठ

मी सांगलीत ओटी (ऑपरेशन थिएटर) स्टाफ आहे, अकरा वर्षं. डॉक्टरांनी नकाशा सांगितला, मी टाक्यांचं सांगते, कारण बिलात तेच मोठं असतं.

पाऊचचा जोड तीन तऱ्हांनी करतात. सरळ स्टेपलर (पिना मारून जोडायचं यंत्र), गोल स्टेपलर, किंवा हाताने टाके. गोल स्टेपलरने जोडाचं तोंड ठरावीक मापाचं होतं, पण २१ मिमीचा वापरला तर पुढे आकसण्याचं प्रमाण २५ मिमीपेक्षा जास्त असतं. मग घास अडकतो, दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करावं लागतं. शिवाय गोल स्टेपलर पोटाच्या भोकातून आत-बाहेर काढताना तिथली जखम चिघळायची शक्यता जास्त. आमच्याकडे सरळ स्टेपलर लावून उरलेलं तोंड हाताने शिवतात. पूर्ण हाताने शिवणारे सरही बघितलेत, वेळ जास्त जातो, खर्च कमी होतो, आणि हात बसलेला असेल तर जोड सुरेख होतो. तेव्हा येरळाकाठदादा, कुठली पद्धत चांगली असं विचारण्यापेक्षा 'सर, तुम्ही नेहमी कुठली करता' असं विचारा. ज्या पद्धतीवर हात बसलाय तीच त्यांनी करावी.

जोड झाला की आम्ही निळा रंग किंवा हवा सोडून गळती बघतो. तरीही पुढच्या दिवसांत नाडी १२० च्या वर राहिली, ताप नसला तरी, तर आमचे सर लगेच सावध होतात. घरी गेल्यावर छातीत धडधड आणि अस्वस्थ वाटलं तर वाट बघू नका.

स्टेपलरची कार्ट्रिज (पिनांचे संच) किती लागली ते बिलावर मोजून घ्या. संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

कृष्णा_घाट

विम्याचं सांगतो. २०१९ पासून आरोग्य विम्यात ठरलेली अट आहे : वय १८ च्या पुढे, बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ वा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध किंवा आटोक्यात नसलेली शुगर. डॉक्टरांचा लेखी सल्ला हवा. ताई अटीत बसतात. प्रतीक्षा काळ पॉलिसीत बघा.

कास_पठार

मी आहारतज्ज्ञ, साताऱ्यात काम करते. तंत्र कुठलंही निवडा, ऑपरेशन दोन-तीन तासांचं असतं आणि माझ्याकडचं काम जन्मभराचं.

आधी एक नाजूक प्रश्न. ताई मिश्री लावतात का? आपल्या भागातल्या कितीतरी बायका लावतात आणि डॉक्टरांनी 'तंबाखू?' विचारलं की 'नाही' म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजतच नाहीत. बायपासच्या जोडावर अल्सर होण्यामागे तंबाखू हे मोठं कारण आहे. ती कायमची सुटली पाहिजे. दुसरं कारण गुडघेदुखीच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक वगैरे. गावातल्या डॉक्टरांना सांगून ठेवा, दुखण्याचं इंजेक्शन मागायचं नाही, पॅरासिटामॉल चालतं. आणि गॅस्ट्रोस्कोपीत एच. पायलोरी हा जंतू तपासून घ्या.

प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. पाऊच एवढासा, म्हणून ताटात आधी अंडं, मासा, पनीर, घट्ट दही, मुगाचं धिरडं, भाकरी शेवटी दोन घास. भाकरी आधी खाल्ली की प्रथिनाला जागाच उरत नाही. ताई शाकाहारी असतील तर मिनीत जास्त आतडं वगळण्याआधी डॉक्टरांना ते ठळकपणे सांगा. बी-१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी जीवनसत्त्व आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, घाबरू नका, प्रथिनं बघा.

उसाचा रस, गुळाचा चहा, कंदी पेढे यांनी डम्पिंग होतं. साखर धाडकन आतड्यात उतरते, घाम, धडधड, जुलाब. माझी एक पेशंट वाढदिवसाला दोन पेढे खाऊन तासभर अंथरुणावर पडून होती.

आणि हे जरूर लिहून ठेवा. सतत उलट्या होत असतील तर आपल्याकडे लगेच ग्लुकोजचं सलाईन लावतात. बायपासच्या रुग्णाला बी-१ (थायामिन) न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायामिन, मग ग्लुकोज. मी हे वाक्य एका कार्डावर छापून प्रत्येक पेशंटच्या पाकिटात ठेवायला लावते.

वारणा_खोरे

कार्डाची कल्पना +१. त्यावर यवतेश्वरांची सीटीची ओळही घाला.

येरळाकाठ

धागा वर काढतोय, सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत बरंच घडलं.

गॅस्ट्रोस्कोपी केली. हायाटस हर्निया निघाला आणि अन्ननलिकेत चांगलीच सूज. ताईला छातीत जळजळ होते हे तिने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, तिला वाटायचं सगळ्यांनाच होतं. रिपोर्ट घेऊन सांगलीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वाचला आणि स्वतःच म्हणाले, 'मग वाय करा, मी असतो तरी आता वायच केला असता.' या माणसाबद्दल आदर वाढला. स्लीव्हचा विषय तिथेच संपला.

मिरजेच्या डॉक्टरांसमोर वही घेऊन बसलो. पित्ताचा फाटा ६० सेंमी, अन्नाचा १२०. आतडं मोठ्या आतड्याच्या पुढून नेणार. सरळ स्टेपलर. दोन्ही फटी शिवणार का विचारलं तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि 'हे कुठे वाचलंत?' म्हणाले. सांगितलं. म्हणाले, शिवतो, आणि डिस्चार्ज कार्डावर लिहूनही देतो. नऊ वर्षांची शुगर आणि इन्सुलिन असल्यामुळे शुगर पूर्ण जाईल असा शब्द देत नाही, डोस बराच उतरेल, असंही स्पष्ट बोलले. ते मला आवडलं.

झोपेची तपासणी झाली, रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वासनलिका उघडी ठेवणारं हवेचं यंत्र) लावते. दाजी दोन वर्षांत पहिल्यांदा सलग सहा तास झोपले. ऑपरेशनआधी दोन आठवडे यकृत लहान व्हावं म्हणून कमी खाण्याचा तक्ता दिलाय.

आणि कास_पठार ताई, तुमचा अंदाज बरोबर होता. वीस वर्षं मिश्री. मी विचारल्यावर आधी चिडली, मग रडली. परवा सकाळी डबी आणून दाजींच्या हातात दिली. आज तिसरा दिवस आहे, डोकं दुखतंय म्हणते. डॉक्टरांनी सहा आठवडे सुटल्याशिवाय तारीख देणार नाही म्हणून सांगितलंय.

आई अजून तयार नाही. यवतेश्वर, वहिनींना एकदा आईशी फोनवर बोलायला सांगाल का?

यवतेश्वर

व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवलाय. संध्याकाळी सातनंतर फोन करा, त्याआधी ती चालायला गेलेली असते.